हात न लावणाऱ्या म्हात्रे सर

आमच्या मशीन-भरतकामाच्या गाळ्यात कॉम्प्युटर अडला की मालक हितेनशेठ ओरडायचे, “म्हात्रे सरांना बोलवा!” थोड्या वेळाने खाली स्कूटर थांबायची, लोखंडी जिन्यावर चपला वाजायच्या आणि दारात एक ठेंगणी, सावळी बाई येऊन उभी राहायची. सुती साडी, पाठीला कॉलेजच्या मुली घेतात तसली सॅक, आणि डोक्यावर हेल्मेट तसंच. ह्याच म्हात्रे सर.

त्याआधी दुरुस्तीला येणारा माणूस दर वेळी वेगळा असायचा, पण असायचा कुणीतरी सरच. म्हणून पहिल्या दिवशी आमच्या रफिकने, म्हणजे मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरने, बाहेर न बघताच हाक दिली, “सर, ऊपर आ जाओ!” वर आल्या त्या विमल म्हात्रे. रफिकने जीभ चावली आणि सॉरी मॅडम, सॉरी मॅडम सुरू केलं. त्या म्हणाल्या, “राहू दे, सरच बरं. मॅडम म्हटलं की लोक बसायला खुर्ची देतात. सर म्हटलं की कॉम्प्युटर दाखवतात.” त्या दिवसापासून आमच्याकडे सर आल्या, सर जेवल्या, सर चिडल्या असंच चालायचं. नवीन माणूस ऐकून दचकायचा, आम्हाला काही वाटायचं नाही.

आता त्या नाहीत. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पोटाचं दुखणं निघालं आणि दिवाळीच्या आत सगळं आटोपलं. मी काही रडूबाई नाही. घरचे तर म्हणतात, हिच्या डोळ्यांत पाणी यायला कांदाच लागतो. पण बातमी कळली तेव्हा मी भर गाळ्यात सगळ्यांसमोर हुंदके दिले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आज मी जे काम करते ते त्या बाईमुळे करते. हे एकदा सांगून टाकलं म्हणजे पुढचं मोकळेपणी सांगता येईल.

सरांचं नाव काढलं की मला आधी आठवतात त्यांचे हात. कारण ते दिसायचेच नाहीत. आल्या की दोन्ही हात पाठीमागे बांधून खुर्चीच्या मागे उभ्या. माउसला हात नाही, कीबोर्डला हात नाही. ज्याचा कॉम्प्युटर त्यानेच बसायचं, त्यानेच करायचं, आणि ह्या मागून बोलणार. बरं, बोलणार तेही मोजकंच. “आधी बघ. काय काय दिसतंय ते वाच.” एवढ्यावर पाच-पाच मिनिटं गप्प उभ्या राहायच्या. माझ्यासारखीचं डोकं फिरायचं. अहो, तुम्हाला येतंय ना, मग करा आणि मोकळ्या व्हा! असं मी एकदा तोंडावर बोललेसुद्धा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मोकळी मी होईन गं. तू कशी होशील?”

आमचा अकाउंटंट निलेश. स्वभावाने गरीब, पण कामाचा कंटाळा अंगात मुरलेला. त्याचा प्रिंटर कागद ओढेना म्हणून सरांना बोलावलं. हा खुर्ची सोडून बाजूला झाला, मोबाइल काढला आणि म्हणाला, “सर, तुम्हीच करा ना. मला जरा फोन आहे.”

“कर फोन. मी थांबते,” सर म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. निलेशचा फोन संपला. सर उभ्या. निलेश चहा प्यायला. सर उभ्या. शेवटी तो वैतागून खुर्चीत बसला, स्क्रीनवरचं एकेक वाक्य मोठ्याने वाचायला लागला आणि वाचता वाचता त्यालाच सापडलं. छपाई थांबवून ठेवण्याची एक खूण होती, ती त्यानेच केव्हातरी केलेली. खूण काढली, कागद सरसर बाहेर यायला लागले. निलेशला कोण आनंद! तेवढ्यात सर म्हणाल्या, “आता परत बिघडव.”

“काय?”

“जसं होतं तसं बिघडव. आनि मंग परत नीट कर. ते झाल्याशिवाय मी जानार नाय.”

एरवी त्या आपल्यासारखंच बोलायच्या, पण रागात किंवा आनंदात असल्या की त्यांच्या खाडीकाठच्या गावची बोली बाहेर पडायची. मग आमच्या ‘कोण’चं ‘कोन’ व्हायचं आणि ‘पाणी’चं ‘पानी’. त्या दिवशी निलेशने प्रिंटर बिघडवला, नीट केला, पुन्हा बिघडवला, पुन्हा नीट केला. सर गेल्यावर म्हणाला, “ही बाई शाळेत असती तर मी नापास झालो नसतो. पळून गेलो असतो.”

ही हात न लावण्याची सवय कुठून आली ते मी त्यांना डबा खाताना विचारलं. डबा त्या आमच्याबरोबरच खायच्या, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून. घरच्या शेतातल्या तांदळाचा भात, वालाचं बिरडं, आणि कधी कधी सगळ्यांसाठी सुकेळी, वसईची ती वाळवलेली केळी. एकेकीच्या हातावर ठेवायच्या आणि खाऊन होईपर्यंत तोंडाकडे बघत बसायच्या.

म्हणाल्या, “मी डिप्लोमा करून पहिल्या नोकरीला लागले ना, तिथे सगळे मुलगे. वाईट नव्हते. पण मी मशीन उघडायला गेले की कोणीतरी यायचा, ‘हो बाजूला, मी करतो, तुला वेळ लागेल.’ वर्षभर मी फक्त लोकांच्या पाठी बघितल्या. पाठीतून काय शिकणार, बाय? मग मी घरी जुनं मशीन आणलं, भाताच्या कणगीशेजारी ठेवलं आणि तिथे शिकले. सासरे म्हणायचे, सून उंदीर मारते की काय करते, सारखा टकटक आवाज येतो.”

हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसल्या की ठसका लागला. त्यांचं हसणं असंच, आवाज कमी आणि ठसका जास्त. मी पाणी दिलं. मुलग्यांवर राग नव्हता त्यांचा. पण त्या दिवशी मला कळलं की ही बाई हात मागे बांधते ते ऐट म्हणून नाही.

एकदा अर्नाळ्याला त्यांच्याबरोबर जायचा योग आला. मी आगोटीची खरेदी करायला, म्हणजे पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरून ठेवायला दरवर्षी तिथे जाते. सरांना तिकडच्या बर्फाच्या कारखान्यात काम होतं, म्हणाल्या, चल माझ्या स्कूटरवर. स्कूटर चालवणं मात्र हात लावूनच, आणि असं की बोळिंज सोडेपर्यंत मी डोळे मिटून घेतले होते. कारखान्याच्या ऑफिसात एक बाई बसायची, तिची तक्रार अशी की लॅपटॉपवर सगळं धुरकट दिसतं. जाऊन बघतो तर काय, खारं वारं लागू नये म्हणून तिने स्क्रीनला प्लास्टिक गुंडाळलेलं. एक नाही, एकावर एक, मासळीच्या पिशव्या कापून. वर आणखी चिकटपट्टी.

मी हसणार होते. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हसू गिळलं. मग त्या बाईला म्हणाल्या, “बाय, भात शिजला का ते झाकन ठेवून बघतेस का काढून?”

“काढूनच ना. झाकन ठेवून कसा दिसंल?” ती म्हणाली, आणि मग तीच हसायला लागली. प्लास्टिक तिनेच काढलं. सर पुढे म्हणाल्या, “तुझी भीती पन खोटी नाय. खारं वारं लागतंच. काम झालं की झाक, काम करताना उघड.” निघताना त्या बाईने स्वतःजवळची मूठभर सुकट माझ्या पिशवीत टाकली. येताना वाटेत मला सरांची बोलणी बसली. “तिला वाटलं ते तिने केलं. तू हसली असतीस तर उद्यापासून तिने कोणाला काही विचारलं नसतं.” मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

आणखी एक गोष्ट त्यांच्या सॅकमध्ये कायम असायची. पेनड्राइव्हच्या डबीत तांदळाचे चार दाणे, घरच्या शेतातले, जाडसर, लालसर. कुणी म्हणालं की दिसत नाही, डोळे दुखतात, की त्या डबी उघडून एक दाणा त्याच्या हातावर ठेवायच्या. दाणा आडवा धरून स्क्रीनला लावायचा. अक्षराची उंची दाण्याच्या जाडीएवढी भरली तर अक्षर बरोबर. त्याहून बारीक असेल तर आधी अक्षर मोठं करायचं आणि मगच डोळ्यांबद्दल बोलायचं. लोक हसायचे. पण पापडी गावच्या एका शाळेतल्या बाईंनी म्हणे सगळ्या कॉम्प्युटरांवर असे दाणे चिकटवून ठेवले होते, आणि शेवटी मुंग्या झाल्या. हे सर स्वतःच सांगायच्या आणि ठसका लागेपर्यंत हसायच्या.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय सर पुऱ्या होत नाहीत.

माझं काम पंचिंगचं. कागदावरचं फूल मशीनला टाक्याटाक्याने समजावून सांगायचं, कुठून सुरू कर, कुठे वळ, कुठे धागा तोड, हे कॉम्प्युटरवर बसून करायचं त्याला आमच्या धंद्यात पंचिंग म्हणतात. मी लग्नाआधीपासून हेच करते. विरारला राहायला आल्यावर इथे लागले ती इथेच आहे. आमचा पंचिंगचा प्रोग्राम जुना, जुन्या विंडोजशिवाय तो चालत नाही. जुना कॉम्प्युटर एक दिवस धूर सोडून गेला तेव्हा शेठनी नवा लॅपटॉप आणला. विकणारा म्हणाला, काळजी नको, ह्याच्या पोटात जुनं विंडोज बसवून देतो. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, खराखुरा नसलेला, पण वागणारा खऱ्यासारखा. सरांना त्या वेळी कुणी विचारलंच नाही, फुकट बसवून मिळत होतं ना.

लॅपटॉप दिसायला देखणा. स्क्रीन इतकी स्वच्छ की वरच्या डोंगराच्या चित्रातलं गवत मोजावं. पण आतलं जुनं विंडोज उघडलं तर काय! सगळं खसखशीएवढं. मेनूतली अक्षरं वाचता येईनात, टाके दिसेनात, माउसचा बाण कुठे आहे ते शोधण्यात वेळ जायचा. आणि मला एकदाही वाटलं नाही की स्क्रीनचं काही चुकलं असेल. एवढी भारी स्क्रीन! मला वाटलं, मंगल, तुझे डोळे गेले.

पंचिंग मी एकटीच करायची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं. मी विरारच्या चष्मेवाल्याकडे गेले, तो म्हणाला नंबर आहे तोच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, तेही तेच म्हणाले. मी मनात म्हटलं, ह्यांचंच मशीन जुनं असेल. घरी कुणाला बोलले नाही आणि गाळ्यात तर नाहीच नाही. कारण डोळ्यांचं निघालं की बाई कुठे जाते ते मला माहीत होतं. फिनिशिंगच्या टेबलावर. तिथे बसून सुटे धागे कापायचे. काम वाईट नाही, बसणाऱ्या बायकाही चांगल्या आहेत. पण मी तिथे बसले असते तर पुन्हा उठले नसते. चित्र बघून टाके कसे पडतील ते दिसणं, एवढी एकच गोष्ट मला येते. ती गेली तर माझ्याजवळ काय राहिलं?

शेवटी निलेशला राहवलं नाही. मी स्क्रीनला नाक लावून काम करते हे त्याने बघितलं आणि कुठेतरी जाऊन त्याने आतल्या विंडोजचं रिझोल्यूशन कमी केलं. सगळं मोठं झालं! मी त्याला वडापाव खाऊ घातला. मग दुपट्ट्यांची ऑर्डर आली, त्यावर गोल फुलं होती. मला ती स्क्रीनवर जरा बसकी वाटली, म्हणून मी एकेक फूल नजरेने ओढून छान गोल केलं. मशीनवर चढवलं. पहिला दुपट्टा उतरवून रफिक माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “ताई, फूल बोला था ना? ये तो अंडा हो गया.”

खरंच अंडी होती, उभी अंडी. मशीन एकदम सगळे दुपट्टे भरतं, त्यामुळे सगळा लॉट तसाच निघाला होता. निलेश घाबरला आणि त्याने सेटिंग पहिल्यासारखं करून टाकलं. म्हणजे पुन्हा खसखस.

हितेनशेठ काही वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून पंखा माझ्याकडे वळवला, तेव्हाच मी समजले. म्हणाले, “मंगलताई, तुमी लई वर्सं काम केला. आता डोळ्याला आराम द्या. सुरतहून एक पंचिंगवाल्याला बोलून ठेवला आहे. एक सॅम्पल अजून करून बघा. ते पण असा आला, तर सोमवारपासून फिनिशिंगला बसा. पगार तोच देईन.” पगार तोच देईन म्हणाले ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सर आल्या त्या निलेशच्या कामासाठी. मी माझ्या कोपऱ्यात होते. कापडातले धागे मोजायला आमच्याकडे एक भिंग असतं, ते मी स्क्रीनला टेकवलं होतं आणि त्याला डोळा लावून बसले होते. मागे कुणी उभं आहे हे मला कळलंसुद्धा नाही.

“काय बघतेस?”

“रंग,” मी म्हटलं. “सर, माझं नशीबच फुटकं. फाइलसुद्धा बिघडली. मी पांढरा धागा दिलाय आणि आत लाल, हिरवा, निळा दिसतोय.”

सर वाकल्या, हात मागेच, आणि भिंगातून बघितलं. मग जो ठसका लागला तो थांबेना. “अगो बाय! पडद्याच्या पोटात शिरलीस तू! प्रत्येक पडद्यात हे तीनच रंग असतात, पांढरा त्यातूनच होतो. एवढं बारीक बघनारी बाई मला सांगते डोळे गेले?”

“मी कधी सांगितलं डोळे गेले?”

“नाय सांगितलंस. म्हनूनच विचारते. पेपर कुठं धरून वाचतेस?”

मी हात धरून दाखवला, पहिल्यापासून धरते तेवढ्याच अंतरावर. त्यांनी डबी काढून दाणा हातावर ठेवला. मी तो स्क्रीनला लावला तर त्या एका दाण्याखाली मेनूच्या दोन ओळी झाकल्या गेल्या. आणि मग मी सगळं सांगितलं, चष्मेवाला, डॉक्टर, अंडी, सुरतवाला, सोमवार. बोलता बोलता रडू आलं. त्यांनी समजूत घातली नाही, रडून होईपर्यंत थांबल्या.

मग म्हणाल्या, “हे बघ. आतलं विंडोज जुनं आहे. त्याला फक्त मोजता येतं. ते म्हणतं, अक्षर दहा ठिपके उंच. जुन्या पडद्यावर ठिपका होता तांदळाच्या दाण्यासारखा. दहा दाणे एकावर एक रचले तर केवढं होईल? ह्या नव्या पडद्याचे ठिपके आहेत रव्याचे. त्याचेही दहाच दाणे रचले, तर अक्षर एवढंसं. विंडोज खोटं नाही, पडदा खोटा नाही. दोघांची गाठच कुणी घालून दिली नाही.”

“मग अंडी?”

“निलेशने काय केलं होतं ते परत कर.” म्हणजे बिघडवण्यापासून सुरुवात. मी केलं. “आता एक गोल काढ. नजरेने नको, प्रोग्रामचा गोल काढ. आणि बांगडी काढून पडद्याला लाव.”

मी हातातली काचेची बांगडी काढून स्क्रीनला लावली. प्रोग्रामने काढलेला गोल बांगडीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडला होता. स्क्रीन रुंद आणि चित्र चौकोनी, ते तिच्यात कोंबताना ताणलं गेलं होतं. मी त्या ताणलेल्या फुलांना दाबून गोल केलं आणि कापडावर ती अरुंद झाली. सर म्हणाल्या, “तुझ्या नजरेने अचूक गोल केला होता. तुला दाखवलंच चुकीचं.” मी बांगडी हातात धरून बसून राहिले. इतक्या दिवसांत एवढं एकच वाक्य मला ऐकायचं होतं, आणि ते कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं.

पुढचं काम मीच केलं, त्या मागून सांगत होत्या. रिझोल्यूशन मूळचं ठेवलं. व्हर्च्युअल मशीनच्या बाहेरच्या चौकटीला एक मेनू असतो, तिकडे मी कधी बघितलंच नव्हतं. त्यात मोठं करून दाखवण्याचं प्रमाण होतं. “दीडपट नको, कडा पुसट होतात. बरोबर दुप्पट कर. एका ठिपक्याच्या जागी चार, काठोकाठ.” केलं. आणि माझे टाके माझ्यासमोर आले, एकेक, वेगळे, जुन्या कॉम्प्युटरवर दिसायचे तसे. बांगडी गोलावर नेमकी बसली.

“आता बंद कर. परत उघड.”

उघडलं तर पुन्हा खसखस. मी कपाळावर हात मारला. “बघा सर. माझं नशीबच तसलं.”

“नशिबाला मेनू नसतो. ह्याला आहे. उघड.” त्याच मेनूत आणखी एक खूण निघाली. खिडकी लहानमोठी झाली की आतलं विंडोज आपोआप तिच्याएवढं पसरायचं, आणि पसरलं की पुन्हा रव्याचे दाणे मोजायला लागायचं. ती खूण मी काढली. बंद केलं, उघडलं. राहिलं. अर्थात त्यावर सुटका नव्हती. बिघडव, नीट कर, बिघडव, नीट कर. जेवणाची वेळ होऊन गेली तरी निलेश बिचारा आपल्या कामासाठी ताटकळत होता.

सर केबिनमध्ये जाऊन शेठना सांगून आल्या. शेठ म्हणाले, “एवढा महागाचा लॅपटॉप चुकीचा कसा असेल? बरं, सॅम्पल तर बघू.”

सॅम्पलच्या दिवशी सर न बोलावता आल्या. इकडेच एका ठिकाणी काम होतं म्हणाल्या. मशीन सुरू झालं. मी बसले नाही, उभीच होते. मशीन थांबल्यावर रफिकने कापड फ्रेममधून काढलं. शेठनी हात पुढे केला.

“शेठ, आधी तिला बघू द्या,” सर म्हणाल्या.

शेठ थोडे चपापले, पण रफिकने कापड माझ्या हातात दिलं. शेठ माझ्या खांद्यावरून बघत होते. फुलं गोल होती, बांगडीसारखी गोल. शेठ म्हणाले, “अरे वा! मस्त. ओके आहे, चालू करा.”

आणि मला दिसलं. कोपऱ्यातल्या फुलाच्या एका पाकळीची कड भरावापासून, म्हणजे आतल्या भरलेल्या टाक्यांपासून, सुटली होती. केसाएवढी. माझ्याकडूनच एक टाका आत राहिला होता. कुणालाच दिसलं नव्हतं. गप्प बसले असते तर त्याच क्षणी सगळं मिटत होतं, शेठनी ओके म्हटलंच होतं. आणि बोलले तर, हेही सॅम्पल चुकलं असंच शेठ म्हणणार, आणि सोमवार होताच. मी सरांकडे बघितलं. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. हेल्मेटचा पट्टा सोडवत बसल्या होत्या.

मी म्हटलं, “ओके नाही शेठ. इथे एका पाकळीची कड सुटलीय. धुतल्यावर उघडी पडेल. चूक माझी आहे, मी आत्ता नीट करते.”

शेठनी कापड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. “कुठे?” मी बोट ठेवलं तरी त्यांना दिसेना. रफिकने भिंग लावलं आणि बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, “है, शेठ. सचमुच है. बाल जितना.”

शेठनी खिशातून फोन काढला, सुरतचा नंबर लावला आणि गुजरातीत म्हणाले, “हमणा रहेवा दो, भाई.” सध्या राहू द्या. फोन ठेवून केबिनमध्ये निघून गेले.

मी खुर्चीत बसले. सर उठून माझ्याजवळ आल्या. मी ती पाकळी उघडली, कडेचा ठिपका धरला, सरकवला, टाका भरावावर चढवला. मग विचारलं, “सर, बघा ना. बसलं का आता?”

मी वळून बघितलं. त्या खिडकीशी जाऊन उभ्या होत्या, रस्त्यावरून केळीच्या घडांनी भरलेला टेम्पो जात होता तो बघत. कुणाचीही स्क्रीन उघडी दिसली की जिची नजर आधी तिकडे जायची, त्या बाईने माझ्या स्क्रीनकडे एकदाही बघितलं नव्हतं.

“सर, बघताय ना?”

“मी कशाला बघू?” त्या टेम्पोवरची नजर न काढता म्हणाल्या. “तू बघतेस ना, बाय.”